नेट-सेट झाली, पीएचडी चालू आहे. पण शिकवायला कधी शिकणार?

सेटचा निकाल लागला की व्हॉट्सॲपवर अभिनंदनाचे फोटो फिरायला लागतात. पुढे महाविद्यालयं सुरू होतात आणि त्यातल्याच काही जणांना फोन येतो, 'सोमवारपासून या, एफ.वाय.चे तास तुमच्याकडे आहेत.' हातात अभ्यासक्रमाची झेरॉक्स आणि समोर ८०-१०० मुलं. विषय येतो, त्याबद्दल वाद नाही. पण ४८ मिनिटांचा तास कसा बांधायचा, मागच्या बाकापर्यंत काही पोचलं का हे कसं ओळखायचं, प्रश्नपत्रिका कशी काढायची, १०० पेपर एकाच मापाने कसे तपासायचे, हे कुणी कधी शिकवलेलं नसतं.

शाळेचं तसं नाही. शाळेत शिक्षक व्हायचं तर डी.एड. किंवा बी.एड. लागतं. बी.एड. आता दोन वर्षांचं आहे आणि २०१४ च्या नियमांनुसार त्यातले किमान २० आठवडे प्रत्यक्ष शाळेत जातात. पाठाचं टाचण काढायचं, पाठ घ्यायचा, मागे बसलेल्या मार्गदर्शकाचे शेरे ऐकायचे, पुन्हा घ्यायचा. बारावीपर्यंत शिकवणाऱ्याकडून आपण हे सगळं मागतो. तीच मुलं तेरावीत गेली की समोरच्या माणसाला शिकवण्याचा एकही पाठ घेतल्याची अट नाही. हा लेख त्या मधल्या खड्ड्याबद्दल आहे, आणि एम.ए.-एम.एस्सी. किंवा पीएचडी करता करता तो कसा बुजवता येतो याबद्दल.

आधी पात्रतेचा गुंता सोडवू

महाविद्यालयात किंवा विद्यापीठात शिकवण्याचं पहिलं पद म्हणजे सहायक प्राध्यापक. त्याच्या अटी विद्यापीठ अनुदान आयोग, म्हणजे यूजीसी, ठरवतो. २०१८ च्या नियमावलीनुसार बहुतेक विषयांत पदव्युत्तर परीक्षेत किमान ५५ टक्के लागतात (राखीव प्रवर्ग आणि दिव्यांग उमेदवारांना ५ टक्क्यांची सवलत), शिवाय नेट किंवा सेट. नियमाप्रमाणे पूर्ण केलेली पीएचडी असेल तर नेट-सेटमधून सूट मिळते. मध्यंतरी विद्यापीठांच्या विभागांसाठी पीएचडी सक्तीची होणार होती. ती तारीख एकदा पुढे ढकलली गेली आणि १ जुलै २०२३ पासून ती सक्तीच निघाली. आज किमान पात्रता म्हणून नेट किंवा सेट पुरते, पीएचडी ऐच्छिक आहे.

नेट ही देशपातळीवरची परीक्षा. भाषा, सामाजिक शास्त्रं, वाणिज्य वगैरे विषयांची नेट २०१८ च्या डिसेंबरपासून एनटीए ही केंद्राची परीक्षासंस्था घेते, विज्ञानाची सीएसआयआर या वैज्ञानिक संशोधन परिषदेच्या नावाने वेगळी असते. सेट राज्याची. आपल्याकडे ती सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं आणि ती महाराष्ट्र व गोवा या दोनच राज्यांत चालते. कर्नाटकात किंवा दिल्लीत अर्ज करायचा असेल तर ही सेट चालत नाही. नेटमध्ये वरचे गुण मिळवणाऱ्यांना जेआरएफ मिळते, म्हणजे संशोधनासाठीची शिष्यवृत्ती. ती जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये आहे.

मग या परीक्षेत शिकवणं तपासलं जात नाही का?

जातं, पण किती ते पाहा. एनटीएच्या नेटचा पहिला पेपर सगळ्यांना सारखा: ५० प्रश्न, १०० गुण. त्याचे १० घटक आहेत आणि प्रत्येकावर ५ प्रश्न. 'अध्यापन अभियोग्यता' हा त्यातला एक. दुसरा पेपर विषयाचा, २०० गुणांचा. म्हणजे ३०० पैकी शिकवण्याबद्दलचे गुण १०, तेही चारातला एक पर्याय निवडून.

आरटीओत लर्निंग लायसन्सची परीक्षा संगणकावर देतात, तसंच हे आहे. चिन्हं ओळखली, नियम सांगितले, पास. फरक असा की तिथे पक्क्या लायसन्ससाठी पुन्हा गाडी चालवून दाखवावी लागते. इथे लर्निंगच्या निकालावरच ८० प्रवाशांची बस हातात येते.

प्रशिक्षण अजिबात नाही असं मात्र नाही. नेमणूक झाल्यावर नव्या प्राध्यापकासाठी महिन्याभराचा प्रारंभिक प्रशिक्षणवर्ग असतो, पुढे उजळणी वर्ग असतात. पूर्वी जी केंद्रं ॲकॅडेमिक स्टाफ कॉलेज म्हणून ओळखली जायची, ती सप्टेंबर २०२३ पासून मालवीय मिशनखाली आली आहेत. पण हे सगळं नोकरी लागल्यानंतर, पदोन्नतीची अट म्हणून येतं. तोवर दोन-तीन तुकड्या त्या शिक्षकाच्या हाताखालून निघून गेलेल्या असतात. क्रम उलटा आहे, आणि माझ्या मते मूळ दुखणं हेच आहे.

पीएचडीत हे शिकवलं जात नाही?

पीएचडी माणसाला खोल नेते. चार-पाच वर्षं एकाच प्रश्नाचा पाठपुरावा करायला शिकवते. वर्गात लागतं ते वेगळं: ज्याला पहिली पायरीही माहीत नाही त्याच्या जागी उभं राहून विषयाकडे पुन्हा पाहणं. पीएचडी जितकी पुढे सरकते तितकं हे अवघड होतं, कारण 'हे तर उघडच आहे' असं वाटणाऱ्या गोष्टी वाढत जातात.

याचं भान यूजीसीला आहे. नोव्हेंबर २०२२ च्या पीएचडी नियमावलीत दोन वाक्यं आहेत जी फार कमी विद्यार्थी वाचतात. एक, कोणत्याही शाखेच्या संशोधक विद्यार्थ्याने पीएचडीच्या काळात आपल्या विषयाचं अध्यापन, अध्यापनशास्त्र आणि लेखन यांचं प्रशिक्षण घेतलं पाहिजे. दोन, त्याला आठवड्याला ४ ते ६ तासांचं सहायकाचं काम देता येतं: ट्यूटोरियल घेणं, प्रयोगशाळा सांभाळणं, मूल्यमापन करणं. पहिलं वाक्य बंधनकारक आहे, दुसरं 'देता येईल' अशा भाषेत आहे. कित्येक ठिकाणी पहिल्याची बोळवण कोर्सवर्कमधल्या दोन-चार व्याख्यानांवर होते आणि दुसऱ्याकडे कुणी वळतच नाही. पण नियम छापलेला आहे, आणि विद्यार्थ्याने मागितलं तर विभागाला नाही म्हणायला कारण शोधावं लागतं.

अमेरिकेत पीएचडीच्या विद्यार्थ्यांना टीचिंग असिस्टंट म्हणून शिकवायला लावण्याची रीत जुनी. तिथेही तक्रार हीच होती की मुलांना नुसतंच वर्गावर सोडलं जातं. म्हणून १९९३ मध्ये तिथल्या महाविद्यालयांच्या आणि पदव्युत्तर शाळांच्या दोन संघटनांनी भावी प्राध्यापक घडवण्याचा एक कार्यक्रम सुरू केला. त्यातली एक गोष्ट घेण्यासारखी आहे: संशोधनप्रधान विद्यापीठातल्या विद्यार्थ्याला शेजारच्या छोट्या महाविद्यालयात नेऊन तिथले शिक्षक दिवसभर नेमकं काय करतात ते दाखवायचं. आपल्याकडे विद्यापीठाच्या विभागातला संशोधक आणि तालुक्याच्या महाविद्यालयातला प्राध्यापक यांची गाठ परीक्षेच्या पेपर तपासणीखेरीज क्वचितच पडते.

एक तास कसा बांधतात: जवळून पाहू

एफ.वाय.चा अर्थशास्त्राचा वर्ग घेऊ. घटक: मागणीची लवचिकता, म्हणजे किंमत बदलली की मागणी किती बदलते. नवखा शिक्षक बहुधा असा सुरू करतो: व्याख्या फळ्यावर, मग सूत्र, मग पाच प्रकार, मग आकृत्या. ४८ मिनिटांत घटक 'संपतो'. परीक्षेत मुलं पाचही प्रकार लिहितात, पण कांदा महागल्यावर शेतकऱ्याच्या हातात जास्त पैसे येतील की कमी, हे विचारलं की गप्प होतात.

आता तोच तास टाचण काढून. टाचणाची पहिली ओळ 'मी काय शिकवणार' अशी नसते, 'तास संपल्यावर मुलांना काय करता येईल' अशी असते. इथे ती अशी: किंमत आणि मागणीचे दोन-दोन आकडे दिले तर विद्यार्थी लवचिकता काढेल आणि विक्रेत्याचं उत्पन्न वाढेल की घटेल हे सांगेल. एवढंच. पाचही प्रकार आज नाहीत.

हजेरी आणि स्थिरस्थावर व्हायला ४ मिनिटं. पुढची ४ मिनिटं एक प्रश्न: 'चौकात वडापावच्या पाच गाड्या आहेत. एकाने १५ चा वडा १८ ला केला. त्याचा गल्ला वाढेल का?' हात वर करून मत घ्यायचं, उत्तर सांगायचं नाही. मग १२ मिनिटं समजावणं. कांदा २० रुपयांवरून २५ ला गेला, बाजारातली विक्री १०० किलोवरून ९५ वर आली. किंमत २५ टक्के वाढली, मागणी ५ टक्के घटली. ५ भागिले २५ म्हणजे ०.२. एकाहून कमी, म्हणून मागणी ताठर. उत्पन्न २,००० होतं, ते २,३७५ झालं.

यानंतर ८ मिनिटं मुलं वडापावचं गणित सोडवतात: किंमत १५ वरून १८, विक्री २०० वरून १२०. शिक्षकाने या वेळात फळ्याजवळ थांबायचं नाही, बाकांमधून फिरायचं. इथेच सगळं कळतं. हमखास दिसणाऱ्या चुका तीन. काही मुलं टक्केवारी न काढता नुसती वजाबाकी करतात, ८० भागिले ३. काही जण सूत्र उलटं करतात, वर किंमत आणि खाली मागणी. आणि काही जण टक्केवारी काढताना जुन्या आकड्याऐवजी नव्याने भागतात. पुढची ७ मिनिटं या तीन चुकांवरच बोलायचं, नाव न घेता, फळ्यावर चूक मांडून. बरोबर उत्तर २. किंमत २० टक्के वाढली, मागणी ४० टक्के घटली, गल्ला ३,००० वरून २,१६० वर आला. आता सुरुवातीचा प्रश्न पुन्हा विचारायचा आणि ८ मिनिटं चर्चा: कांदा आणि वडापाव यांत फरक कशामुळे पडला? 'दुसरीकडे मिळतो' हे उत्तर वर्गातूनच येतं, आणि पर्यायी वस्तू ही संकल्पना शिकवण्याआधीच मुलांच्या हाती लागते.

शेवटची ५ मिनिटं चिठ्ठीची. अर्ध्या कागदावर प्रत्येकाने लिहायचं: आज काय समजलं नाही? नाव लिहायचं नाही. ८० चिठ्ठ्यांचे तीन-चार गठ्ठे करायला दहा मिनिटं लागतात आणि पुढच्या तासाची सुरुवात कुठून करायची हे त्यातला सर्वांत जाड गठ्ठा सांगतो.

प्रश्न विचारल्यावर थांबणं हेही शिकावं लागतं. अमेरिकन संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांचं निरीक्षण करून दाखवलं की शिक्षक प्रश्न विचारून साधारण एकच सेकंद थांबतात आणि स्वतःच बोलायला लागतात. थांबणं तीन सेकंदांवर नेलं की उत्तरं लांब आणि विचार केलेली येऊ लागतात. नवख्याला ते तीन सेकंद तीन मिनिटांसारखे वाटतात. मनातल्या मनात आकडे मोजावेत.

विज्ञानाच्या मुलांसाठी हेच प्रयोगशाळेत आहे. अनुमापनाच्या प्रात्यक्षिकात संशोधक विद्यार्थ्याने २० जणांमध्ये फिरावं आणि फक्त पाहावं: ब्युरेटच्या टोकाशी हवेचा बुडबुडा तसाच राहिलाय का, वाचन डोळ्यांच्या रेषेत घेतलंय की वरून, फिनॉल्फ्थॅलीनचा फिकट गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकल्यावर थांबलाय की गडद होईपर्यंत ओतत गेलाय. चुकीचं वाचन पुसून मित्राचं लिहिणाऱ्याला रागावण्याआधी बुडबुडा दाखवावा.

सहा मिनिटांचा सराव

पूर्ण तास एकदम घेण्याची गरज नाही. बी.एड.ची मुलं ज्याला सूक्ष्म अध्यापन म्हणतात ते तंत्र १९६३ च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार झालं. आपल्याकडे त्याचं ३६ मिनिटांचं चक्र रूढ आहे: ६ मिनिटं शिकवणं, ६ मिनिटं प्रतिक्रिया, १२ मिनिटं नव्याने आखणी, ६ मिनिटं पुन्हा शिकवणं, ६ मिनिटं पुन्हा प्रतिक्रिया. एका वेळी एकच कौशल्य. आज फक्त फळ्याचा वापर, उद्या फक्त प्रश्न विचारणं.

याला निधी लागत नाही, परिपत्रक लागत नाही. विभागातले पाच संशोधक, एक रिकामी खोली आणि मोबाइलवरचं चित्रीकरण एवढं पुरतं. दोन गोष्टी पाळाव्यात. श्रोत्यांमध्ये एक तरी जण दुसऱ्या विषयाचा असावा, कारण त्याच विषयातले मित्र न समजताही माना डोलावतात. आणि प्रतिक्रिया 'छान झालं' अशी चालत नाही. 'तिसऱ्या मिनिटाला तुम्ही फळ्याकडे तोंड करून बोललात' अशी नेमकी हवी.

पेपर काढणं आणि तपासणं

यात सर्वांत जास्त अन्याय होतो आणि यावरच सर्वांत कमी बोललं जातं. प्रश्नपत्रिका काढायची म्हणजे मागची तीन वर्षं समोर ठेवून प्रश्न उचलायचे, असं नवखा समजतो. आधी एक तक्ता करावा: उभे घटक, आडवं 'आठवणं, समजणं, वापरणं', आणि प्रत्येक चौकटीत गुण. पहिल्याच प्रयत्नात बहुतेकांचे ७०-८० टक्के गुण 'आठवणं' या रकान्यात पडलेले दिसतात.

तपासताना आधी गुणदान योजना लिहावी: कोणत्या पायरीला किती गुण. पाच पेपर तपासून योजना दुरुस्त करावी, मगच बाकीचे घ्यावेत. एक विद्यार्थी पूर्ण, मग दुसरा पूर्ण असं न करता पहिला प्रश्न सगळ्यांचा, मग दुसरा प्रश्न सगळ्यांचा असं तपासावं. नाहीतर पहिल्या उत्तरावरून बनलेलं मत पुढच्या उत्तरांना चिकटतं. शेवटी पहिले पाच पेपर पुन्हा काढून पाहावेत. दमल्यावर हात सैल तरी सुटतो किंवा आवळला तरी जातो. एका पेपरला १० मिनिटं धरली तर १०० पेपरना जवळपास १७ तास होतात. ते एका रात्रीत बसत नाहीत. चार दिवस धरावेत.

भाषेचं काय?

महाराष्ट्रातल्या बहुतेक नव्या प्राध्यापकांची अडचण इथे आहे. स्वतःचं एम.ए. इंग्रजी पुस्तकांतून झालेलं, समोरची निम्मी मुलं मराठी माध्यमातली. मग एकतर सगळं इंग्रजीत वाचून दाखवलं जातं, नाहीतर घाईने केलेलं भाषांतर ऐकवलं जातं. त्यापेक्षा फळ्याची एक कड राखून ठेवावी. तिथे तासात येणारे पाच-सहा पारिभाषिक शब्द दोन्ही भाषांत लिहावेत आणि तास संपेपर्यंत पुसू नयेत. शब्द स्वतः बनवू नयेत. राज्याच्या भाषा संचालनालयाचे विषयवार परिभाषा कोश आहेत. त्यातला शब्द जड वाटला तर इंग्रजी शब्द देवनागरीत लिहावा, पण वर्षभर एकच शब्द ठेवावा. 'लवचिकता', 'लवचीकपणा' आणि 'इलॅस्टिसिटी' हे तीन वेगळे मुद्दे आहेत असं समजून मुलं वहीत तीन मथळे करतात.

'आमच्या सरांना कुठे कुणी शिकवलं होतं?'

हा आक्षेप सर्वांत आधी येतो, आणि त्यात तथ्य आहे. उत्तम शिकवणारे कितीतरी प्राध्यापक स्वतःच घडले. पण ते घडताना पहिल्या काही तुकड्यांनी किंमत मोजली, आणि ती मुलं तक्रार करायला परत आली नाहीत.

दुसरं, वर्ग बदलला आहे. २०२१-२२ च्या सरकारी पाहणीत उच्च शिक्षणातल्या पटनोंदणीचं प्रमाण १८ ते २३ वयोगटाच्या २८.४ टक्के होतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला ते २०३५ पर्यंत ५० वर न्यायचं आहे. म्हणजे घरात पहिल्यांदाच महाविद्यालय पाहणारी, सकाळी तास करून दुपारी दुकानात बसणारी मुलं वाढणार. जुन्या वर्गात जे न सांगता चालून गेलं, ते या वर्गात चालत नाही.

'पीएचडीलाच वेळ पुरत नाही'

हिशोब करून पाहू. नव्या माणसाला पहिल्यांदा एक तास तयार करायला पाच-सहा तास लागतात. पूर्ण पेपर घेतला, म्हणजे आठवड्याला चार तास, तर २० ते २४ तास तयारीतच जातील आणि प्रबंध बाजूला पडेल. म्हणून पूर्ण पेपर घ्यायचाच नाही. पहिल्या वर्षी फक्त पाहावं: तीन वेगवेगळ्या शिक्षकांचे दोन-दोन तास मागे बसून, टिपणं काढत. दुसऱ्या वर्षी ट्यूटोरियल किंवा प्रात्यक्षिक. तिसऱ्या वर्षी एकच घटक, सहा-आठ तासांचा, टाचणांसह. चौथ्या वर्षी तोच घटक पुन्हा. दुसऱ्या वेळी तयारीला दीड तास पुरतो आणि सुधारणा खरी तिथेच होते.

गाईड परवानगी देत नाहीत, ही अडचणही ऐकू येते. त्यांना 'मला शिकवायचंय' म्हणण्यापेक्षा 'या घटकाचे चार तास, या तारखांना' असं लेखी दिलं की होकार सोपा जातो. आणि याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे: गाईडचे सगळे तास विद्यार्थ्याच्या गळ्यात टाकणं म्हणजे प्रशिक्षण नव्हे. आठवड्याला ६ तास ही नियमातली वरची मर्यादा आहे, ती विद्यार्थ्यालाही वापरता येते.

निवडीच्या वेळी हे सगळं मोजलं जातं का?

थेट फार कमी. २०१८ च्या नियमावलीतल्या महाविद्यालयांच्या तक्त्यात मुलाखतीला बोलावण्यापुरते १०० गुण आहेत. पदव्युत्तर परीक्षेत ६० ते ८० टक्के असतील तर २३, पीएचडीला २५, जेआरएफसह नेटला १०, नुसत्या नेटला ८, सेटला ५. शोधनिबंधांना प्रत्येकी २, जास्तीत जास्त ६. शिकवण्याच्या अनुभवाला वर्षाला २, जास्तीत जास्त १०. किती वर्षं शिकवलं हे मोजलं जातं, कसं शिकवलं हे नाही. मात्र याच नियमावलीत मुलाखतीच्या टप्प्यावर उमेदवाराला वर्गात व्याख्यान द्यायला लावून पारखण्याची मुभा आहे. राज्य सरकारही निवडपद्धतीबद्दल वेळोवेळी निर्णय काढतं, म्हणून जाहिरातीत दिलेली पद्धतच अखेरची मानावी.

व्याख्यान द्यायला सांगितलं की उमेदवार प्रबंधाचा विषय काढतो, आणि दहा मिनिटांत प्रस्तावनाही संपत नाही. त्याऐवजी एफ.वाय.चा एक छोटा मुद्दा घ्यावा, वरच्या वडापावसारखा, ज्यात एक प्रश्न, एक उदाहरण आणि एक उत्तर बसतं.

अनुभवाचे कागद वेळच्या वेळी घ्यावेत. तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर, काम केलं असेल तर नेमणुकीचं पत्र, विद्यापीठाची मान्यता, प्रत्येक सत्रातले तास आणि मानधनाची नोंद हे सगळं हवं. तीन वर्षांनी प्राचार्य बदलले की जुनं प्रमाणपत्र मिळवायला हेलपाटे पडतात. याच्या जोडीला स्वतःची फाइल ठेवावी: चार-पाच टाचणं, एक प्रश्नपत्रिका गुणदान योजनेसह, चिठ्ठ्यांवरून केलेले बदल. निबंधांबद्दल एकच सूचना. यूजीसीने मान्य नियतकालिकांची केअर यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली, त्यामुळे नियतकालिक पारखण्याची जबाबदारी आता आपल्यावर आहे. पैसे भरा आणि आठ दिवसांत छापून घ्या, असं सांगणाऱ्यापासून दूर राहावं.

'पण जागाच नाहीत'

हा आक्षेप खोडून काढता येत नाही, आणि काढूही नये. अनुदानित महाविद्यालयांत भरती रखडते आणि काम सीएचबीवर चालतं. सीएचबीत तासाप्रमाणे पैसे मिळतात, सुट्टीत मिळत नाहीत, आणि पुढच्या वर्षीची खात्री नसते. त्यात नोकरीसाठी पैसे मागितले जातात अशीही कुजबुज असते. यातलं काहीही चांगलं शिकवून सुटणार नाही. जागा भरणं सरकारचं काम आहे, आणि पैसे मागणं गुन्हा आहे.

म्हणून पीएचडीला नाव नोंदवण्याआधीच आपल्या विषयाच्या गेल्या तीन-चार वर्षांतल्या जाहिराती काढून पाहाव्यात: किती पदं, कोणत्या जिल्ह्यांत, बिंदुनामावलीत कोणत्या प्रवर्गाची. सीएचबीवर किती वर्षं काढायची याची मर्यादा स्वतःशी आधी ठरवावी आणि घरच्यांनाही सांगावी. अवघड गोष्ट तासाभरात समजावता येणं, निष्पक्ष परीक्षा आखता येणं, दोन भाषांत नेमकं लिहिता येणं, यांची गरज प्रशिक्षण संस्थांना, पाठ्यपुस्तकं बनवणाऱ्यांना, संशोधन प्रकल्पांनाही असते. नुसत्या प्रबंधावर ती दारं उघडत नाहीत.

सुरुवात कुठून?

एका अर्जापासून. तो एवढाच असला तरी चालतो:

'प्रति, विभागप्रमुख. विषय: एफ.वाय.च्या एका घटकाचे अध्यापन करण्याच्या परवानगीबाबत. महोदय, मी आपल्या विभागात पीएचडी करत आहे. यूजीसीच्या २०२२ च्या पीएचडी नियमावलीनुसार संशोधक विद्यार्थ्याने आपल्या विषयाच्या अध्यापनाचे प्रशिक्षण घेणे अपेक्षित आहे. त्यानुसार या सत्रात मागणीची लवचिकता या घटकाचे चार तास घेण्याची परवानगी द्यावी. यापैकी किमान एका तासाला आपण किंवा विभागातील एका प्राध्यापकांनी मागे बसून लेखी शेरे द्यावेत, ही विनंती. माझ्या गाईडची संमती घेतली आहे. सोबत चारही तासांची टाचणे जोडली आहेत.'